कॉलेज यूथ्स आणि लंडनच्या घंटा: मला सारखे विचारले जाणारे प्रश्न

मी मूळची पुण्याची, आता इंग्लंडमध्ये राहते आणि २०१८ पासून आमच्या इथल्या चर्चमध्ये घंटा वाजवायला शिकतेय. हे घरी सांगितल्यापासून फॅमिली ग्रुपवर प्रश्नांचा पाऊस थांबलेला नाही, त्यातले निम्मे घंटांबद्दल आणि निम्मे माझ्या डोक्याबद्दल असतात, म्हणून एकदाच बसून सगळं लिहून काढलं. यापुढे कुणी विचारलं की ही लिंक टाकणार. आणि हो, "घंटा शिकतेस" हा जोक सगळ्या भावंडांचा करून झालाय, आता पुरे.

कॉलेज यूथ्स म्हणजे कुठल्या कॉलेजची पोरं?

कुठल्याच नाही. पूर्ण नाव एन्शंट सोसायटी ऑफ कॉलेज यूथ्स. लंडनमधलं घंटा वाजवणाऱ्यांचं मंडळ आहे हे, आणि मंडळाच्या परंपरेप्रमाणे स्थापना ५ नोव्हेंबर १६३७ ची, लॉर्ड ब्रेरेटन आणि सर क्लिफ क्लिफ्टन या दोन बड्या घरच्या माणसांनी केलेली. म्हणजे शिवाजी महाराज तेव्हा सात-आठ वर्षांचे होते, असा हिशोब धरा. ही मंडळी लंडनमधल्या कॉलेज हिलवरच्या सेंट मार्टिन विंट्री चर्चमध्ये वाजवायची आणि शेजारी रिचर्ड व्हिटिंग्टनच्या पैशातून उभं राहिलेलं धर्मगुरूंचं कॉलेज होतं, त्यावरून टेकडीला कॉलेज हिल आणि या पोरांना कॉलेज यूथ्स.

व्हिटिंग्टन म्हणजे इंग्रजी बालकथेतला तोच, मांजरवाला. गरीब पोरगा लंडन सोडून पळून चाललेला असतो आणि बो चर्चच्या घंटा त्याला "परत फिर, तू लंडनचा मेयर होशील" असं सांगतात ती गोष्ट. खरा व्हिटिंग्टन गरीब वगैरे नव्हता, चांगला श्रीमंत व्यापारी होता, पण मेयर मात्र खरंच झाला आणि एकदा नाही, अनेकदा. घंटांचं ऐकून परत फिरलेल्या माणसावरून घंटा वाजवणाऱ्यांच्या मंडळाला नाव मिळावं हा योगायोग मला भारी आवडतो.

आणि "यूथ्स"चं म्हणाल तर आपल्याकडे नाही का, अध्यक्ष पासष्ट वर्षांचे आणि पाटीवर तरुण मंडळ, तसंच.

मग यांच्या स्वतःच्या घंटा कुठे आहेत?

इथेच सगळ्यांचा गोंधळ होतो. मंडळ आहे म्हणजे मंडळाचा मनोरा असेल, मनोऱ्यात मंडळाच्या घंटा असतील असं वाटतं, पण चर्चच्या घंटा असतात चर्चच्या. हे लोक जाऊन वाजवतात. आपली ढोल-ताशा पथकं कशी, आज या मंडळाच्या गणपतीपुढे आणि उद्या त्या, फक्त इथे ढोल घेऊन जाता येत नाही, तो मोठा असला तर दोन-तीन टनांचा असतो आणि शंभर पायऱ्या वर टांगलेला असतो.

ज्या सेंट मार्टिन विंट्रीत यांची सुरुवात झाली ते चर्च १६६६ च्या लंडनच्या मोठ्या आगीत जळालं आणि पुन्हा बांधलंच नाही. म्हणजे मंडळ तिशीत येण्याच्या आत घर गेलं, तरी मंडळ चालूच. मग फ्लीट स्ट्रीटवरचं सेंट ब्राइड्स, तिथे १७२५ मध्ये यांनी बारा घंटांवरचा पहिला पील वाजवला (पील म्हणजे काय ते खाली येतंय, थांबा). ते सेंट ब्राइड्स २९ डिसेंबर १९४० च्या रात्री जर्मन बॉम्बहल्ल्यात जळालं आणि घंटाही गेल्या. बो चर्च, तेच व्हिटिंग्टनवालं, १९४१ च्या मे महिन्यात तसंच गेलं. बोच्या नव्या बारा घंटा १९५६ मध्ये ओतल्या आणि वाजायला १९६१ साल उजाडलं. ज्याच्या कानावर जन्मताच बो घंटांचा आवाज पडला तो खरा कॉकनी, म्हणजे अस्सल लंडनकर, असं लंडनमध्ये म्हणतात, त्या हिशोबाने वीस वर्षं एकही खरा कॉकनी जन्माला आला नाही!

सेंट पॉल्स कॅथेड्रलच्या बारा घंटा १८७८ च्या. लफबरा गावातल्या टेलर कंपनीने ओतलेल्या, आणि सगळ्यात मोठी, जिला टेनर म्हणतात, ती तीन टनांच्या वर.

म्हणजे बिग बेन ना?

नाही. बिग बेन घड्याळाची घंटा आहे, ती जागची हलत नाही, तिच्यावर हातोडा पडतो. तिथे दोर ओढणारं कुणी नसतं. पुढचा प्रश्न.

दोरीच तर ओढायची, त्यात शिकायचं काय?

मलाही असंच वाटलं होतं.

देवळातली घंटा स्थिर असते आणि आपण लोलक हलवतो. इंग्लिश पद्धतीत उलट, अख्खी घंटा फिरते. घंटेला एक मोठं लाकडी चाक जोडलेलं असतं, चाकावरून दोर खाली येतो, छतातल्या भोकांतून खालच्या खोलीत, आणि तिथे आपण गोल करून उभे. वाजवायच्या आधी झोके देत देत घंटा वर चढवतात, इतकी वर की तिचं तोंड आभाळाकडे. सरळ ठेवलेली बादली डोळ्यांपुढे आणा, अर्धा टन वजनाची, फक्त अगदी तोलावर. मग हलकेच ओढलं की ती पूर्ण गोल फिरून दुसऱ्या बाजूने परत तोंड वर करून थांबते आणि त्या फेरीत एकदाच वाजते. पुढच्या ओढीला उलट्या दिशेने. एका ओढीत हातात दोराचा जाड, लोकरीचा, रंगीत भाग येतो त्याला सॅली म्हणतात, आणि पुढच्या ओढीत सॅली झपकन छताकडे जाते आणि हातात फक्त दोराचं शेपूट राहतं.

ताकद लागत नाही हो, खरंच नाही, आमच्याकडे सत्तरीच्या आजी टेनर वाजवतात. लागतो तो अंदाज. घंटा वर तोलावर कधी आली हे दिसत नाही, दोरातून हाताला कळायला हवं. ते कळायला मला चार महिने लागले आणि तिसऱ्या महिन्यात मी काय केलं तर जास्त जोरात ओढलं. घंटेला तोलापलीकडे जाऊ न देणारी एक लाकडी दांडी असते, स्टे, ती कडाड करून मोडली, घंटा पलीकडे गेली आणि दोर सापासारखा वर पळायला लागला. सगळे एकदम ओरडले, "सोड! सोड!" सोडला म्हणून तळहात सोलण्यावर भागलं, धरून ठेवला असता तर छताला टेकून आले असते. कुणी रागावलं नाही. एक काका शांतपणे कपाटातून नवीन दांडी घेऊन वर गेले, त्यांच्याकडे अशा सहा पडलेल्या होत्या, म्हणजे मी काही पहिली नव्हते.

ऐकायला तर नुसता गोंधळ वाटतो, गाणं का नाही वाजवत?

कारण वाजवताच येत नाही. घंटा एक फेरी मारायला साधारण दोन सेकंद घेते, तुम्ही तिला किंचित रोखू शकता किंवा किंचित लवकर आणू शकता, पण "हा सूर परत हवा, आत्ता" असं म्हणून चालत नाही. म्हणजे प्रत्येक फेरीत प्रत्येक घंटा एकदाच वाजणार आणि फेरीमागून फेरीत ती फारतर एक घर पुढे किंवा एक घर मागे सरकणार.

मग या लोकांनी सतराव्या शतकात त्यातूनच खेळ काढला. क्रम बदलत राहायचा आणि कुठलाही क्रम दुसऱ्यांदा येऊ द्यायचा नाही. चार घंटा घ्या, १ सगळ्यात लहान, ४ सगळ्यात मोठी:

१२३४
२१४३
२४१३
४२३१
४३२१
३४१२
३१४२
१३२४
आणि परत १२३४.

आता बोट ठेवून फक्त १ चा प्रवास बघा. पहिल्या घरातून दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या, तिथे दोन फेऱ्या टेकली, मग तशीच मागे. फुगडी घालताना जागा बदलाव्यात तसं. हे झाले आठ क्रम, चार घंटांचे सगळे मिळून होतात २४, उरलेले मिळवायला मध्ये छोटे बदल करावे लागतात आणि तिथून पुढे जे सुरू होतं त्याला मेथड म्हणतात. कागद बघून वाजवत नाहीत, सगळं पाठ. कंडक्टर, म्हणजे वाजवणाऱ्यांपैकीच सूचना देणारा, मध्येच "बॉब!" किंवा "सिंगल!" असं ओरडतो आणि लोक आपापली वाट बदलतात. माझ्या नवऱ्याला पहिल्यांदा वाटलं तिथे बॉब नावाचा कुणीतरी आहे आणि तो फार चुका करतो.

पील म्हणजे काय आणि ५०४० हा आकडा सारखा का येतो?

सात घंटांचे सगळे शक्य क्रम किती? ७ × ६ × ५ × ४ × ३ × २ × १ = ५०४०. तेवढे सलग, न थांबता, एकही क्रम परत न येता वाजवले की पील. साधारण तीन तास. पाणी नाही, बाथरूम नाही, माणूस बदलायचा नाही. पहिला खरा पील म्हणून ज्याची नोंद मानतात तो लंडनचा नाहीच, नॉर्विचच्या सेंट पीटर मॅनक्रॉफ्ट चर्चमधला, २ मे १७१५, वेळ ३ तास १८ मिनिटं. कॉलेज यूथ्सच्या लोकांपुढे हा विषय जरा जपून काढावा.

आठ घंटांचे क्रम होतात ४०,३२०. तेही एकदा झालंय, १९६३ च्या जुलैमध्ये लफबऱ्याला, आठ माणसं आणि १७ तास ५८ मिनिटं. बारा घंटांचे सगळे क्रम वाजवायला तीस वर्षांच्या वर लागतील, ते कुणी मनावर घेऊ नये.

आता खरी गंमत. हाच ५०४० आपल्याकडे आधी होता! शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात संगीतरत्नाकर लिहिला, कुठे, तर देवगिरीला, यादव राजा सिंघणाच्या दरबारी, म्हणजे आपल्या दौलताबादला. त्यात सात स्वरांचे उलटसुलट क्रम किती होतात ते मोजलंय, ५०४०, आणि अमुक क्रम कितवा हे काढायला खंडमेरू नावाचं कोष्टक दिलंय. गाण्यातला मेरुखंड तो हाच. मी हे आमच्या टॉवरमध्ये सांगितलं तेव्हा एका गणिताच्या रिटायर्ड मास्तरांनी मला दोन वेळा सगळं परत सांगायला लावलं आणि वहीत लिहून घेतलं. एकाचा दुसऱ्याशी संबंध आहे असं मी म्हणत नाहीये बरं का, व्हॉट्सॲपवर "घंटानादाचा शोध भारतात" असं काही फिरवू नका.

हे सगळं शोधलं कुणी?

एकट्या कुणी नाही, पण एक नाव लक्षात ठेवा, फेबियन स्टेडमन. धंद्याने प्रिंटर होता. १६६८ मध्ये या विषयावरचं पहिलं पुस्तक आलं, टिन्टिनालॉजिया, ते रिचर्ड डकवर्थने लिहिलेलं. मग १६७७ मध्ये स्टेडमनचं स्वतःचं, कॅम्पॅनालॉजिया, आणि ते त्याने अर्पण केलंय कॉलेज यूथ्सना. पुढे १६८२ मध्ये तो त्यांचा मास्टर झाला, मास्टर म्हणजे अध्यक्षच. त्याच्या नावाची रचना आजही जगभर वाजते. गणितातल्या लोकांना ग्रुप थिअरी नावाचं प्रकरण सुचलं त्याच्या शंभर-सव्वाशे वर्षं आधी हे लोक तेच दोरांवर करत होते, फक्त त्याला तसं म्हणत नव्हते.

दुसरं मंडळ आहे म्हणे, त्यांच्याशी भांडण आहे का?

मंडळ आहे आणि शेजारी दुसरं मंडळ नाही असं होतं का कुठे? कंबरलंड यूथ्स, १७४७ ची स्थापना, नाव कलोडनची लढाई जिंकणाऱ्या ड्यूक ऑफ कंबरलंडवरून. अठराव्या शतकात दोघांची चुरस जोरात, यांनी इतके हजार क्रम वाजवले की त्यांनी त्याहून जास्त, आणि नंतर तुमच्यात चूक होती, आमच्यात नव्हती. आता सगळे एकमेकांचे दोस्त, एकाच पबमध्ये बसतात. पण नियम अजून आहे, एका वेळी दोन्हीकडचं सभासद होता येत नाही.

बायकांना घेतात का?

आता घेतात. "आता" हा शब्द महत्त्वाचा. कॉलेज यूथ्सनी बायकांना सभासद करून घेतलं ते विसाव्या शतकाच्या अगदी शेवटी शेवटी, म्हणजे स्थापनेनंतर साडेतीनशे वर्षं उलटून गेल्यावर. आणि बायकांना वाजवता येत नव्हतं म्हणाल तर ॲलिस व्हाइटने बेझिंगस्टोकला पहिला पील वाजवला १८९६ मध्ये. १९१२ मध्ये बायकांनी स्वतःचं लेडीज गिल्ड काढलं. तरी यांना कळायला आणखी ऐंशीच्या वर वर्षं लागली. माझी आई यावर म्हणाली, "एवढा वेळ तर आपल्याकडे घंटेला हात लावू द्यायलाही लागला नाही," मग थोडं थांबून म्हणाली, "काही ठिकाणी."

एक छोटी गोष्ट. वाजवायला सुरुवात करताना पहिल्या घंटेवाला म्हणतो, "ट्रेबल्स गोइंग," आणि ओढल्यावर, "शीज गॉन." इंग्रजीत वस्तूंना लिंग नसतं पण घंटा मात्र "शी". मराठीत ती बिचारी पहिल्यापासून बाईच आहे, त्यामुळे मला काही वेगळं वाटलं नाही.

युद्धात घंटा बंद होत्या हे खरं का?

हो. १९४० च्या जूनमध्ये सरकारने चर्चच्या घंटा बंद करायला लावल्या, शत्रू उतरला तरच वाजवायच्या. अख्खा देश गप्प. १९४२ मध्ये अल अलामीनची लढाई जिंकली तेव्हा १५ नोव्हेंबरला एका दिवसापुरत्या वाजवल्या, आणि बंदी उठली १९४३ मध्ये.

पहिल्या महायुद्धाचं वेगळं. तेव्हा सुमारे १,४०० घंटावादक लढाईत गेले. त्यांची नावं लिहिलेली वही सेंट पॉल्समध्ये ठेवलीय. २०१८ मध्ये युद्ध संपल्याला शंभर वर्षं झाली म्हणून तितकेच, १,४०० नवे लोक शिकवायचे अशी मोहीम निघाली, आणि मी त्यातच आले. पोस्ट ऑफिसात चिठ्ठी लावलेली होती, "अनुभवाची गरज नाही". ११ नोव्हेंबरला मी जेमतेम सरळ क्रम वाजवू शकत होते, तेवढंच वाजवलं. अशा दिवशी लोलकाच्या एका बाजूला चामड्याची गादी बांधतात, त्यामुळे एक फेरी मोठ्याने आणि पुढची फेरी लांबून आल्यासारखी येते. ते आत उभं राहून ऐकताना घशाशी काहीतरी येतं, माझ्या तर कुणी ओळखीचंही नव्हतं त्या यादीत.

घंटा बनवतात कशा?

तांबं आणि कथील, साधारण ७७ आणि २३ टक्के. साचा मातीचा आणि त्या मातीत घोड्याची लीद आणि बकऱ्याचे केस, आजही, म्हणजे शेणामातीवर आपलाच हक्क नाही. सगळ्यात प्रसिद्ध कारखाना लंडनचा व्हाइटचॅपल, १५७० पासूनचा, बिग बेन तिथली, अमेरिकेची लिबर्टी बेलही पहिल्यांदा तिथेच ओतलेली, आज दिसते ती तडा गेलेली मात्र अमेरिकेत पुन्हा ओतलेली. तो २०१७ मध्ये बंद पडला. आता मोठं नाव उरलं लफबऱ्याच्या टेलरचं.

आपल्याकडे अशा घंटा आहेत का?

आहेत की! पुण्यात गुरुवार पेठेतलं पंचहौदाचं चर्च माहितीय ना, होली नेम, त्याच्या उंच मनोऱ्यात इंग्लंडहून आणलेल्या आठ घंटांचा संच आहे. तेच पंचहौद मिशन जिथे १८९० मध्ये टिळक, रानडे वगैरे मंडळी चहाला गेली, गोपाळराव जोश्यांनी नावं छापून आणली आणि चहाच्या कपावरून अख्ख्या पुण्यात ग्रामण्य झालं. शाळेत ती चहाची गोष्ट पाठ केली, त्या रस्त्याने शेकडो वेळा गेले आणि मान वर करून मनोरा कधी नीट बघितला नाही. मुंबईत कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्येही आठ आहेत, टेलरच्याच.

वसईच्या घंटा वेगळ्या, त्यांचा या पद्धतीशी संबंध नाही, त्या पोर्तुगीज. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतल्यावर चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी आणल्या आणि देवळांत बांधल्या. नाशिकची नारोशंकराची घंटा, मेणवलीची घंटा (तिच्यावर मेरी आणि बाळ येशू आहेत आणि समोर महादेव, कुणालाच काही अडचण नाही), भीमाशंकरची. गोव्यात से कॅथेड्रलमधली सोन्याची घंटा म्हणतात ती कुंकळ्ळीला १६५२ मध्ये ओतलेली. पण क्रम बदलत वाजवायचं हे खूळ इंग्रजांचंच. पोर्तुगीजांनी घंटा फक्त वाजवल्या, पाढे नाही केले.

तू ख्रिश्चन झालीस का?

नाही काकू. आमच्या टॉवरमध्ये आठ जणांपैकी चर्चमध्ये प्रार्थनेला थांबतात तिघं, बाकीचे वाजवून झालं की मागच्या दाराने कॉफी प्यायला. पाद्रीबाईंना हे माहितीय, त्या हसतात. मी गणपतीत सुट्टी घेते, त्याला कुणी ना म्हणत नाही. पहिल्या वर्षी मोदक नेले होते तेव्हापासून तर तारीख तेच विचारून ठेवतात.

मग तू कॉलेज यूथ्सची मेंबर कधी होणार?

फॉर्म भरून होत नाही. आधीच्या सभासदांनी नाव सुचवायचं, मग मंडळाने निवडायचं, आणि वाजवता नीट यायला हवं. त्यांच्यातल्या एक बाई मध्ये आमच्याकडे पाहुण्या म्हणून आल्या होत्या. मी पाचव्या घंटेवर होते आणि स्टेडमनमध्ये माझी वाट चुकली, कुठे जायचं काही कळेना. त्या शेजारच्या दोरावर, स्वतःचं वाजवता वाजवता मान न वळवता हळूच म्हणाल्या, "आता माझ्यामागे, मग पुढे, हां, आता आलीस." म्हणजे त्यांची स्वतःची वाट चालू होती आणि माझीही त्यांना पाठ होती. त्यामुळे मेंबरशिपचं अजून थोडी वर्षं राहू दे.

लंडनला आलो तर कुठे ऐकायचं?

रविवारी सकाळी सेंट पॉल्सच्या आसपास जा. अगदी मनोऱ्याखाली उभे राहू नका, तिथे नुसता दणका ऐकू येतो, जरा लांब एखाद्या गल्लीत उभे राहा. आधी सगळ्या घंटा लहानापासून मोठ्यापर्यंत सरळ उतरतील, मग क्रम तुटायला लागेल. सगळं ऐकायचा प्रयत्न करू नका, एकच घंटा पकडा, सगळ्यात जाड आवाजाची, आणि तिच्या मागे लागा. पाच-दहा मिनिटांत कान बसतो. शेवटी पुन्हा सरळ उतरायला लागल्या की समजा संपत आलं, आत कंडक्टर "स्टँड" म्हणतो ते बाहेर ऐकू येत नाही, एकदम गप्प होतं. आणि छत्री न्या.